'आयुष्यभर मोफत' क्रेडिट कार्ड आणि मी सांगितलेले तीन ओटीपी

एप्रिल 2023 च्या अखेरीस, निकालाचे काम चालू असताना, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन तरुण आले. गळ्यात बँकेचे ओळखपत्र, हातात टॅब, बोलणे अत्यंत नम्र. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊनच ते आत आले होते, त्यामुळे कोणाच्या मनात शंका येण्याचे कारण नव्हते. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावापासून बँकेची शाखा दूर आहे. बँकच शाळेत आल्याचे आम्हाला बरे वाटले. त्या दिवशी आम्ही सात जणांनी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केले. त्यापैकी माझ्या कार्डाचे पुढे काय झाले, ते मी येथे आकड्यांसह लिहीत आहे, कारण त्याच पद्धतीने आजही कार्डे विकली जात आहेत.

त्या तरुणाचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "सर, हे कार्ड लाइफटाइम फ्री आहे. पन्नास दिवस बँकेचे पैसे वापरा, व्याज शून्य. नाही जमले तर थोडे थोडे भरा." मी वार्षिक शुल्काबद्दल स्पष्ट विचारले, तेव्हा तो म्हणाला, "एक रुपयाही नाही, सर." त्याने माझे पॅन आणि आधार पाहिले, फोटो काढला आणि माझ्या मोबाइलवर येणारे ओटीपी एकामागून एक मोठ्याने विचारले. मी तीन वेळा आकडे वाचून दाखवले. तिन्ही संदेश इंग्रजीत होते आणि मी त्यातील फक्त सहा आकडे पाहिले. आकड्यांच्या आधी काय लिहिले आहे ते वाचले नाही. माझे मुख्य नुकसान त्या दोन मिनिटांत झाले.

कार्ड मे महिन्यात घरी आले. 20 मे रोजी पहिले स्टेटमेंट आले, तेव्हा मी कार्डावर एक रुपयाचीही खरेदी केलेली नव्हती, तरी देय रक्कम 3,537 रुपये 64 पैसे होती. त्यात वार्षिक शुल्क 999 रुपये आणि 'कार्ड सुरक्षा योजना' या नावाखाली 1,999 रुपये होते, आणि दोन्हींवर 18 टक्के जीएसटी होता. मी जुने संदेश शोधले. पहिला ओटीपी अर्जाचा होता, दुसरा माझी पतविषयक माहिती तपासण्याच्या संमतीचा होता आणि तिसरा या सुरक्षा योजनेला मी दिलेल्या संमतीचा होता, रकमेसह. वार्षिक शुल्काची अट कार्डासोबत आलेल्या पाकिटातल्या पत्रकात होती: वर्षभरात एक लाख रुपयांची खरेदी केली तरच शुल्क माफ. एजंटाने तोंडी दिलेला शब्द कोणत्याही कागदावर नव्हता, आणि मी न वाचता दिलेली संमती मात्र बँकेच्या नोंदीत वेळेसह होती.

मी ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला. समोरच्या व्यक्तीने दोन्ही रकमा परत होतील असे सांगितले आणि तोपर्यंत बिल भरून टाका, नाहीतर सिबिल (म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याची नोंद) खराब होईल, असा सल्ला दिला. मी पूर्ण रक्कम भरली आणि तक्रार क्रमांक मागितला नाही. ही माझी दुसरी चूक. तक्रार क्रमांकाशिवाय केलेला फोन नंतर सिद्ध करता येत नाही, आणि माझे तीन महिने त्या तोंडी आश्वासनावर गेले.

आता व्याजाकडे येतो, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथे आहे आणि माझ्या सहकाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांचा तो होता. मुलीला पदविका अभ्यासक्रमासाठी लॅपटॉप हवा होता. 5 जुलैला मी तो कार्डावर 40,000 रुपयांना घेतला. 20 जुलैच्या स्टेटमेंटमध्ये दोन आकडे ठळक छापलेले होते: एकूण देय 40,000 आणि किमान देय 2,000, शेवटची तारीख 9 ऑगस्ट. "थोडे थोडे भरा" हे एजंटाचे वाक्य माझ्या डोक्यात होते, म्हणून किमान देय म्हणजे हप्ता, असे मी समजलो आणि 9 ऑगस्टला 2,000 रुपये भरून निश्चिंत झालो.

20 ऑगस्टचे स्टेटमेंट मी रात्री जेवणानंतर उघडले. 2,000 रुपये भरूनही एकूण देय 40,469 रुपये होते. मुलगी म्हणाली, "बाबा, भरलेले पैसे जमाच झाले नसतील." जमा झालेले दिसत होते. मग मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के होता. पूर्ण रक्कम न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत रद्द झाली होती आणि व्याज 9 ऑगस्टपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून, 5 जुलैपासून लागले होते. 40,000 रुपयांवर 35 दिवसांचे 1,611 रुपये, त्यानंतर उरलेल्या 38,000 रुपयांवर अकरा दिवसांचे 481 रुपये, असे 2,092 रुपये व्याज आणि त्यावर 377 रुपये जीएसटी. पुढची किमान देय रक्कम एकदम 4,369 रुपये झाली होती आणि ती भरली असती तरी मुद्दलातून फक्त 1,900 रुपये कमी झाले असते. 9 ऑगस्टला मी पूर्ण 40,000 भरले असते, तर या खरेदीवर मला एक पैसाही व्याज पडले नसते.

किमान देय भरल्याने फक्त विलंब शुल्क टळते आणि खाते थकीत दाखवले जात नाही. व्याज चालूच राहते. शिवाय एकदा बाकी राहिली की त्यानंतरच्या प्रत्येक नव्या खरेदीवर, अगदी किराण्यावरसुद्धा, पहिल्या दिवसापासून व्याज लागते. पूर्ण थकबाकी फिटेपर्यंत बिनव्याजी मुदत परत मिळत नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने लांबते, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक स्टेटमेंटवर छापलेला असतो. माझ्याही स्टेटमेंटवर तो होता, दुसऱ्या पानाच्या खालच्या बाजूला.

आमच्या एका सहकाऱ्यांनी तर याच कार्डाने एटीएममधून रोख रक्कम काढली. रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसतेच. काढताच वेगळे शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज. परदेशी चलनातील खरेदी, पेट्रोल, घरभाडे यांवरही बहुतेक कार्डांवर जादा आकार असतो.

मी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज घेऊन 1 सप्टेंबरला 40,469 रुपयांची सर्व बाकी भरली. पतसंस्थेचा व्याजदर कार्डाच्या दराच्या निम्म्याहूनही कमी होता. तरीही 20 सप्टेंबरला आणखी 619 रुपयांचे बिल आले. 20 ऑगस्ट ते पैसे भरण्याच्या दिवसापर्यंतचे ते राहिलेले व्याज आणि कर होता. हे अनेकांना माहीत नसते, ते पुढचे स्टेटमेंट उघडत नाहीत आणि एवढ्याशा रकमेवर विलंब शुल्क लागून नाव थकबाकीदारांत जाते. शुल्क, योजना, व्याज आणि कर मिळून पाच महिन्यांत माझे 6,600 रुपयांहून अधिक गेले.

42 टक्के व्याज कायदेशीर कसे, असा प्रश्न मलाही पडला. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने 2008 मध्ये क्रेडिट कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दर किती आहे हे कार्ड घेण्यापूर्वी आपणच पाहिले पाहिजे, आणि महिन्याचा नव्हे तर वर्षाचा दर पाहिला पाहिजे. "साडेतीन टक्के" ऐकायला किरकोळ वाटते.

सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा लेखी तक्रार केली. त्याआधी रिझर्व्ह बँकेचे 21 एप्रिल 2022 चे कार्डविषयक निर्देश वाचले, जे 1 जुलै 2022 पासून लागू झाले. त्यात ग्राहकाच्या बाजूच्या कितीतरी गोष्टी आहेत. अर्जासोबतच व्याजदर आणि शुल्कांचे मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. आमच्या स्टाफरूममध्ये ते कोणालाही दिले गेले नव्हते. कार्डासोबत विमा द्यायचा असेल तर ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. न मागितलेले कार्ड पाठवता येत नाही. कार्ड तीस दिवसांत सुरू केले नाही, तर ते सुरू करण्यासाठी ओटीपीद्वारे संमती मागावी लागते आणि ती न दिल्यास सात कामकाजाच्या दिवसांत खाते विनाशुल्क बंद करावे लागते. हे मे महिन्यात मला ठाऊक असते, तर पाकीट उघडून पत्रक वाचल्यावर मी कार्ड सुरूच केले नसते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही. मग मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन तक्रार दाखल केली. ही योजना नोव्हेंबर 2021 पासून आहे आणि तिला काहीही शुल्क नाही, वकीलही लागत नाही. डिसेंबरमध्ये सुरक्षा योजनेचे 2,358 रुपये 82 पैसे खात्यात परत आले. वार्षिक शुल्क परत मिळाले नाही, कारण "लाइफटाइम फ्री" हे शब्द माझ्याकडे लेखी नव्हते. व्याजही मिळाले नाही आणि ते मागण्याचा मला हक्कही नव्हता. ते अटींप्रमाणेच लागले होते.

त्यानंतर मी कार्ड बंद करण्याची विनंती ईमेलने केली. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला बँकेने ग्राहकाला 500 रुपये दंड म्हणून द्यायचे असतात. मी त्या नियमाचा ईमेलमध्ये उल्लेख केला आणि कार्ड सहाव्या दिवशी बंद झाले. थकबाकी नसल्याचे पत्र मागून घेतले. पुढे स्वतःचा पतअहवालही तपासला. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो.

याच काळात आणखी एक फोन आला. "सर, तुमची सुरक्षा योजना रद्द करून पैसे परत देत आहोत, आलेला ओटीपी सांगा." आवाज तितकाच नम्र होता. तो बँकेचा माणूस नव्हता हे उघड आहे, पण स्टाफरूममधल्या एजंटाने विचारले तसेच त्यानेही विचारले, आणि मे महिन्यात हाच फोन आला असता तर मी आकडे सांगून मोकळा झालो असतो. ज्यांनी असे आकडे सांगितले असतील, त्यांनी त्याच क्षणी बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि 1930 या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करावा. स्वतःच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते, कळवल्यानंतरचे नाही.

मी कार्डाच्या विरोधात नाही. गेल्या वर्षी माझ्या पगाराच्या खात्याच्या बँकेत, शाखेत स्वतः जाऊन, मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड मी घेतले. ज्यांचा पगार कमी आहे किंवा पूर्वी कधी कर्ज घेतलेले नाही, त्यांना असे कार्ड सहज मिळते; मर्यादा ठेवीच्या रकमेला धरून असते, म्हणून हाताबाहेर खर्च होत नाही. मात्र बाकी थकल्यास बँक ती रक्कम ठेवीतून वळती करून घेते. शाखेतल्या मॅडमनी माहितीपत्रक समोर ठेवले आणि मी त्यांच्यासमोर बसून ते पूर्ण वाचले, वीस मिनिटे लागली. बिलाची संपूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हावी, असा अर्ज तेथेच भरून दिला. त्या अर्जात 'किमान रक्कम' आणि 'एकूण रक्कम' असे दोन चौकोन असतात. खूण दुसऱ्यात करावी.

ज्यांच्या स्टेटमेंटमध्ये आज एखादी अनोळखी योजना दिसत असेल, त्यांनी फोनवर न बोलता आजच बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. माझ्या ईमेलचे पहिले वाक्य असे होते: "माझ्या कार्डावर दिनांक अमुक रोजी अमुक योजनेचे अमुक रुपये आकारले आहेत; या योजनेची माहिती मला देण्यात आली नव्हती; माझी संमती कोणत्या मजकुरावर घेतली त्याची प्रत द्यावी आणि रक्कम करासह परत करावी." खाली तारीख घालावी आणि तीस दिवस मोजावेत.