एचएएनपीव्ही फवारणी : हंगामभराच्या वापरानंतरचा अनुभव

घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक मी हरभऱ्याच्या संपूर्ण हंगामात वापरले आणि त्याबद्दल माझे मत निश्चितच चांगले आहे. मात्र रासायनिक औषधासारखा झटपट परिणाम हवा असणाऱ्याची येथे निराशा होईल, कारण अळीला मारण्याचे काम विषाणूची प्रथिने टप्प्याटप्प्याने करतात.

विषाणूचे कण पॉलिहेड्रिन या प्रथिनाच्या स्फटिकात बंदिस्त असतात. पानाबरोबर स्फटिक पोटात गेला की मध्य आतड्यातील तीव्र अल्कधर्मी रसात तो विरघळतो आणि मोकळ्या झालेल्या कणांच्या आवरणावरील पी७४ सारखी प्रथिने आतड्याच्या पेशींत शिरण्याची वाट करून देतात. म्हणजेच अळीने औषध खाल्लेच पाहिजे; नुसते अंगावर पडून उपयोग नाही. पंपातील पाणी अल्कधर्मी असल्यास पोटात विरघळायचे कवच आधीच विरघळू लागते, म्हणून पाण्याचा सामू (पीएच) तपासून घ्यावा. उन्हातील अतिनील किरणांतही हा विषाणू फार काळ टिकत नाही. त्यामुळे मी फवारणी कायम संध्याकाळीच केली.

लहान अळ्या मरायला साधारण ५ ते ७ दिवस लागले, आणि तेवढे दिवस त्या खात राहिल्या. यामागे विषाणूचे ईजीटी हे विकर (एन्झाइम) आहे. ते कात टाकण्याच्या संप्रेरकाला शर्करा जोडून निष्क्रिय करते, त्यामुळे अळीचे कात टाकणे थांबते, खाणे चालू राहते आणि विषाणूला वाढायला जास्त शरीर मिळते. बॅक्युलोव्हायरसची (एचएएनपीव्ही ज्या गटात मोडतो त्या विषाणूंची) ही युक्ती ओ'रायली आणि मिलर या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवून दिली. ईजीटीचे जनुक काढलेला विषाणू अळीला लवकर मारतो, हेही पुढे सिद्ध झाले. मोठ्या अळ्यांवर परिणाम फारच कमी जाणवला, तेव्हा अंडी व नुकत्याच निघालेल्या अळ्या दिसताच फवारणे हाच योग्य काळ.

मेलेल्या अळ्या शेंड्याकडे, पोटाकडच्या पायांनी फांदी धरून उलट्या लटकलेल्या आढळल्या. बोट लागताच त्यांची कातडी फाटून पांढुरका द्रव ओघळे. कायटिनेज आणि कॅथेप्सिन ही दोन विकरे अळीचे शरीर व कातडी अशी विरघळवतात, आणि त्या द्रवातील स्फटिक खालच्या पानांवर पसरतात. नंतरच्या फवारण्या कमी कराव्या लागल्या, त्यात या पसरण्याचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी : हा विषाणू घाटेअळी व तिच्या अगदी जवळच्या जातींपुरताच आहे. त्याच शेतातील स्पोडोप्टेरा या दुसऱ्या पाने खाणाऱ्या किडीच्या अळ्या निर्धास्त खात होत्या, आणि त्यांच्यासाठी एसएलएनपीव्ही हे त्यांच्यावरचे विषाणूजन्य औषध वेगळे आणावे लागले.