पट्टणकोडोलीचं घोंगडं : दोन हिवाळे वापरून झाले, आता लिहितोय

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, गगनबावडा तालुक्यात. पावसाळ्यात काय अवस्था असते ती जिल्ह्याला माहिती आहे, पण थंडीबद्दल कोण बोलत नाही. कोल्हापुरात लोक स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरायला जातात तेव्हा आमच्याकडं सकाळी नऊ वाजेपर्यंत धुकं हलत नाही, कौलावरनं दव टपटपत असतं आणि अंथरूण हाताला ओलसर लागतं. उत्तरेकडनं वारं सुटलं की मोबाईलवर १०-११ डिग्री दाखवतं, आणि हिमाचल-काश्मीरवाल्यांना हे काहीच वाटणार नाही, पण त्यांची घरं थंडीसाठी बांधलेली असतात आणि आमची पावसासाठी, हा फरक आहे. ऐंशीच्या पुढची आज्जी घरात असली की १० डिग्री लई होतात.

मी शिरोली एमआयडीसीत कामाला, शनिवार-रविवार गावाकडं. गेल्या दोन वर्षांत घर थंडीसाठी तयार करायचं म्हणून बऱ्याच गोष्टी आणल्या, त्यातलं पट्टणकोडोलीचं घोंगडं एकच असं निघालं की ज्याच्याबद्दल बसून लिहावंसं वाटलं. पण घोंगड्यापर्यंत आम्ही कसं आलो ते आधी सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे.

आमचं जुनं घर कौलारू. सोपा, माजघर, मागं परडं. थंडीत आज्जी पहिल्यापासनं शेगडीत निखारे घालून खाटेजवळ ठेवायची, आम्ही सगळे तसंच वाढलो, कुणाला कधी काय झालं नाही. मग आबांनी, म्हणजे वडलांनी, चार वर्षांमागं बाजूला स्लॅबची खोली बांधली, फरशी घातली, स्लायडिंगच्या खिडक्या बसवल्या, आणि आज्जी-आई तिकडं झोपायला लागल्या. शेगडी पण तिकडं गेली. एका रात्री वारं फार होतं म्हणून खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत पोतं कोंबलं, शेगडी आत. पहाटे आई धारंला उठली नाही. आबा बोलवायला गेले तर आईचं डोकं ठणकतंय, उभं राहिलं की चक्कर, आणि आज्जी हाक मारली तरी नीट ओ देईना. आबांनी दार-खिडक्या सताड उघडल्या, दोघींना बाहेर सोप्यात आणलं, शेजारच्यांची गाडी काढून दवाखान्यात नेलं. वाचल्या. डॉक्टरनी पहिला प्रश्न हाच विचारला, की खोलीत काय पेटवलं होतं का.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा धरून बसतो, ऑक्सिजनपेक्षा दोनशे पट जास्त घट्ट. जुन्या घरात कौलांच्या फटीतनं सगळं वर निघून जायचं म्हणून इतकी वर्षं निभावलं. सवय तीच राहिली, घर बदललं. आमच्या भागात आता घरटी एक तरी स्लॅबची खोली आहे, म्हणून हे सगळ्यांनी वाचावं असं मनापासनं वाटतं. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदम तसं होणं, असं दिसलं की आधी दार उघडा आणि माणसं बाहेर काढा, बाकी नंतर.

त्या दिवसापासनं घरात ठरलं की खोली तापवायची नाही, माणूस तापवायचा.

पहिल्यांदा इलेक्ट्रिक हीटर आणला, पण आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज असं पडतं की कॉइल नुसती लालसर होते, आणि लाईट गेली की संपलंच. मग बाजारातनं दोन जाड मऊ ब्लँकेट आणली, रंगीत, वाघाचं चित्र असलेली. दिसायला छान, पांघरल्यावर पहिली दहा मिनिटं छान, पण आमच्या दमट हवेत पहाटेपर्यंत आतनं घाम आणि वरनं गार, आज्जी म्हणायची प्लास्टिकच्या पिशवीत झोपल्यागत वाटतंय. घरात वाकळा आहेत, आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, अंथरायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, पण त्या दव ओढतात आणि जड होतात, मग वाळवायला ऊन लागतं आणि ऊन तर दहाला येतं. मग ऑनलाइन एक घोंगडी मागवली, वर लिहिलं होतं शंभर टक्के शुद्ध लोकर. आली ती हाताला गुळगुळीत, वास काहीच नाही. आज्जीनं एकदा बोटात धरली आणि बाजूला टाकली, म्हणाली, "ह्यात मेंढरू न्हाई."

खरं-खोटं कसं ओळखायचं ते तेव्हा तिनंच दाखवलं. काठाचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. लोकर असली तर केस जळल्यासारखा वास येतो, काडी बाजूला घेतली की आपोआप विझते आणि राख चिमटीत चुरगळते. प्लास्टिकचा धागा असला तर वितळून त्याचा कडक मणी होतो. आमच्या ऑनलाइनवाल्याचा मणी झाला. परत पाठवली.

मग पट्टणकोडोलीला गेलो. कोल्हापुरातनं हुपरीच्या रस्त्याला, गडमुडशिंगीवरनं, हातकणंगले तालुक्यात. विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते तेच गाव, दसऱ्यानंतर दिवाळीच्या आधी, भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं होतं आणि भंडाऱ्याबरोबर लोकर पण उधळतात. जिथं देवाला लोकर वाहतात तिथं घोंगडं मिळणार नाही तर कुठं मिळणार. मी यात्रेच्या गर्दीत न जाता नंतर एका साध्या दिवशी गेलो, विचारत विचारत एका विणकर मामांच्या घरी पोचलो. बोर्ड नाही, काऊंटर नाही, पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आणि त्यात पाय सोडून मामा मागावर बसलेले. त्यांनी आधी चहा दिला, मग विचारलं, "कुणाला पायजे पावणं, म्हाताऱ्या माणसाला का शेतावर न्यायला?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्या दुकानात कुणी विचारला नव्हता. दुकानात विचारतात सिंगल का डबल.

मामांनी सांगितलं ते सगळं इथं लिहीत नाही, पण थोडं सांगतो कारण पैसे कशाचे देतोय ते कळायला पाहिजे. लोकर आपल्या दख्खनी मेंढराची, काळी, रंगवलेली नाही. वर्षातनं दोनदा कातरतात. घरातल्या बायका ती पिंजतात आणि चरख्यावर सूत काढतात, मग ताणा म्हणजे उभे धागे घालून त्याला चिंचोक्याची खळ देतात कुंच्यानं, म्हणजे धागा मागावर तुटत नाही, आणि खळ उन्हात वाळली की विणायला घेतात. पिल्लाची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळाची, सगळ्यात मऊ, आणि कमी मिळते म्हणून महाग. मामा म्हणाले आज्जीला जावळाचं न्या, वडलांना साधं चालतंय. ते असं पण म्हणाले की मेंढपाळाला आता लोकरीचे जेवढे मिळतात त्यापेक्षा कातरायची मजुरी जास्त पडते, म्हणून बरेच जण लोकर टाकूनच देतात, आणि त्यांची स्वतःची पोरं मागावर बसायला तयार नाहीत. हे सांगताना हात थांबले नव्हते त्यांचे. मला मात्र तिथं बसून वाईट वाटलं, कारण आम्हीच ती माणसं की वाघाची ब्लँकेट आणून बसलो होतो.

दोन सांगितली. साधं २२०० ला, जावळाचं ३८०० ला. साधं तयार होतं, जावळाच्याला तीन आठवडे थांबायला लागलं. घासाघीस केली नाही, करू पण नये.

आता वापरून काय वाटलं ते.

आज्जीच्या अंगावर पहिल्या रात्री टाकलं तर ती म्हणाली पुठ्ठ्यागत कडक आहे. ती खळ असते, वापरून वापरून आणि एकदा गार पाण्यातनं काढल्यावर निघून जाते, महिन्याभरात चांगलं अंगालगत पडायला लागलं. वास येतो, मेंढराचा, पहिले पंधरा-वीस दिवस, उन्हात टाकत राहिलो तसा कमी झाला. आणि टोचतं. जावळाचं कमी, साधं चांगलंच टोचतं, ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी आत सुती चादर किंवा लुगडं घ्यावं, आमची आज्जी तसंच करते. पांढऱ्या बेडशीटवर काळी तुसं पडतात, माझी बायको म्हणून शहरातल्या घरात ते आणू देत नाही, आणि तिचं बरोबर आहे. लहान बाळाच्या तोंडाजवळ मी देणार नाही.

पण ऊब. आमच्याकडं थंडीबरोबर ओल असते हे वर सांगितलंच. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी ओढून घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि त्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पहाटे पाच वाजता मी मुद्दाम आज्जीच्या पायाला हात लावून बघितलाय, तळवे कोमट. ब्लँकेटच्या वर्षी तेच पाय बर्फागत असायचे आणि ती रात्रीतनं तीनदा उठून बसायची. आता एकदा उठते. माझ्यासाठी सगळा रिव्ह्यू एवढाच आहे खरं तर.

आबांचं साधं घोंगडं शेतावर असतं. शेतीची लाईट रात्रीची येते त्या आठवड्यात त्यांना रात्री दोनला ऊसाला पाणी पाजायला जावं लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पाटाच्या पाण्यात पाय घालून उभं राहायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहिती. पूर्वी ते जॅकेट घालून बांधावर शेकोटी करायचे, तर ठिणगी उडून जॅकेटला भोक पडून आतनं मनगटाला चिकटलं, अजून डाग आहे. घोंगड्यावर ठिणगी पडली तर तेवढी जागा काळी पडते, पेट घेत नाही. खोळ करून डोक्यावरनं घेतात, वारं लागत नाही, दव वरनंच झटकून जातं. आबा कमी बोलतात, ह्याच्याबद्दल "बरं आहे" म्हणाले, तेवढं मला पुरे आहे.

गोठ्याचं पण सांगतो. जुनं, फाटकं घोंगडं घरात होतं त्याचे दोन तुकडे करून रेडकांच्या पाठीवर बांधले, खाली भाताचं पिंजर कोरडं आणि जाड, रोजचं रोज बदलायचं. वाऱ्याच्या बाजूला तरटं लावली पण वरती हातभर जागा मोकळी सोडली, नाहीतर मुताचा वास कोंडून जनावर खोकायला लागतं. म्हशींना सकाळी टाकीतलं गार पाणी देत नाही, बोअर चालू करून ताजं देतो, ते थंडीत कोमट असतं. गेल्या थंडीत एकही रेडकू आजारी पडलं नाही.

न्हाणीत गॅस गिझर होता, शहरातल्या एका दुकानातनं घेतलेला, फिटरनं आतच बसवून दिला होता, "काय होत न्हाई" म्हणून. शेगडीच्या प्रकारानंतर तो काढून बाहेरच्या भिंतीवर घेतला, आत फक्त पाईप. तोच वायू तिथं पण तयार होतो. आज्जी अजून बंबाचंच पाणी घेते, बंब परड्यात असतो, उघड्यावर.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी : धागा जाळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, खरा विणकर त्यावर रागवत नाही, आमच्या मामांनी स्वतःच काडी पुढं केली. मशिनला धुऊ नका, गरम पाणी अजिबात नको, आटून लहान होतं आणि परत वाढत नाही. पिळायचं नाही, खाटेवर पसरून निथळू द्यायचं. उन्हाळ्यात ठेवताना खडखडीत वाळवून कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, कारण कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली की चाळण होते. आमच्याकडं पावसाळा एवढा लांबतो की मध्ये उघडीप मिळाली तेव्हा दोनदा काढून ऊन दाखवायला लागतं, पहिल्या वर्षी कंटाळा केला तर एका कोपऱ्याला रुपयाएवढं भोक पडलं. मामांनी ते त्याच लोकरीनं रफू करून दिलं, पैसे घेतले नाहीत.

पाचपैकी साडेचार. अर्धा कमी तो टोचण्यासाठी आणि थांबायला लागतं त्यासाठी. थंडी सुरू झाल्यावर गेलात तर जावळाचं मिळणार नाही, गणपतीच्या आसपासच सांगून ठेवा. मी आईसाठी तिसरं सांगून आलोय. मामांनी वहीत नाव लिहून घेतलं आणि विचारलं, आज्जी कशी आहे.