संभाजीनगरातली ईसीजी आणि टू-डी इको सेवा: फ्रीडरिक्स अटॅक्सियाच्या घरांसाठी परीक्षण

मशिनला पाचपैकी साडेचार, रिपोर्टला दोन. शहरातल्या एका खासगी केंद्रात ईसीजी आणि टू-डी इको एकाच फेरीत होतात, टेक्निशियनचा हात सराईत आहे आणि तासाभरात कागद हातात पडतो. पण त्या कागदावर शेवटी छापलेली 'इएफ ६० टक्के, नॉर्मल' ही ओळ फ्रीडरिक्स अटॅक्सियात, म्हणजे चालणं-तोल बिघडवणाऱ्या आणि हृदयालाही धरणाऱ्या या आनुवंशिक आजारात, फसवी आहे, म्हणून एवढं लिहायचं.

इएफ म्हणजे हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. ब्लॉकेजच्या, अटॅक येऊन गेलेल्या रुग्णात हा आकडा लवकर घसरतो आणि रिपोर्टचा छापील नमुना त्यांच्यासाठीच बेतलेला आहे. फ्रीडरिक्समध्ये मात्र आधी डाव्या कप्प्याच्या भिंती सगळीकडून सारख्या जाड होतात. इएफ बहुतेकांत शेवटच्या टप्प्यापर्यंत चांगला राहतो.

जाड का होतात, तर मूळ दोष पेशीच्या आतल्या ऊर्जेत आहे. १९९६ साली सापडलेल्या एफएक्सएन जनुकात जी-ए-ए ही तीन अक्षरं शेकडो वेळा लागोपाठ येतात, त्यामुळे फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन फार कमी बनतं. मायटोकॉन्ड्रियात लोह आणि गंधकाची जुळणी करायला ते लागतं. जुळणी अडली की ऊर्जा तयार करणारी साखळी अडते आणि न वापरलेलं लोह साचतं. मग पेशी धोक्याची घंटा वाजवते: इआयएफ-२-अल्फा या प्रथिनावर फॉस्फेट चढतं, नवीन प्रथिनं बनण्याचा वेग मंदावतो, एटीएफ-४ बचावाची जनुकं चालू करतं. चार दिवसांच्या अडचणीत यानं पेशी वाचते. वर्षानुवर्षं हीच स्थिती राहिली तर जन्मभर धडधडणाऱ्या स्नायूला दुरुस्तीचा माल पुरत नाही. काही पेशी मरतात, त्यांच्या जागी चट्ट्याचे तंतू येतात, उरलेल्या फुगतात. उंदरांच्या हृदयावरच्या प्रयोगांत हा ताण आजाराच्या सुरुवातीलाच दिसला आहे. या आजारातले निम्म्याहून जास्त मृत्यू हृदयामुळे होतात.

म्हणून काउंटरवर चिठ्ठी देतानाच लिहून द्या की भिंतींचे आकडे हवेत. हृदय सैल असतानाची सेप्टमची (डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याची) आणि मागच्या भिंतीची जाडी आणि डाव्या कप्प्याचा व्यास, तिन्ही मिलिमीटरमध्ये. मागच्या भिंतीची जाडी दुप्पट करून व्यासानं भागा. भिंत १२ आणि व्यास ४० असेल तर उत्तर ०.६ येतं. ०.४२ च्या वर गेलं की कप्प्याच्या मानानं भिंत जाड आहे. मोठ्या माणसात सेप्टम साधारण १० मिलिमीटरपर्यंत ठीक, बाईमाणसात ९. लहान मुलाला हे माप लावू नका. त्याची उंची-वजन मोजून झेड-स्कोअर (त्याच अंगकाठीच्या मुलांच्या सरासरीपासून माप किती दूर आहे तो आकडा) काढायला सांगा. या केंद्रात मुलाचं वजन विचारलंच जात नाही, ही मोठी उणीव.

दुसरी मागणी स्ट्रेनची. स्नायूचे तंतू किती टक्के आखडतात हे त्यातून कळतं, निरोगी माणसात ते उणे २० च्या आसपास असतं आणि इएफ चांगला असतानाही ते घसरलेलं, म्हणजे शून्याकडे सरकलेलं, दिसू शकतं. मशिनमध्ये सोय आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. त्यासाठी ईसीजीच्या तारा अंगावर लावलेल्या हव्यात, नाहीतर ठोक्याची सुरुवात-शेवट नीट पकडता येत नाही.

आणखी एक फसगत. मागच्या वर्षी १४ मिलिमीटर असलेली भिंत यंदा १० आली तर आनंदाने पेढे वाटू नका. उशिराच्या टप्प्यात भिंती पातळ होतात आणि तेव्हाच इएफ पडायला लागतो. जुना रिपोर्ट सोबत नेला नाही तर डॉक्टरांना हे कळायला मार्गच नाही.

ईसीजीला मात्र पूर्ण गुण. बारा लीडचा, स्वच्छ, रेषा न थरथरणारा निघतो. या आजारात टी-लहर उलटी असणं अगदी नेहमीचं आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही कायम थोडं वाढलेलं असू शकतं. रात्री छातीत दुखलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर या दोन गोष्टींवरून लगेच अटॅकचं निदान होतं. दुखणं हलक्यात घेऊ नका, पण बरं असतानाच्या ईसीजीची एक प्रत आणि ट्रोपोनिनचा नेहमीचा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर ठेवा. धडधड किंवा चक्कर असेल तर २४ तासांचा होल्टर (दिवसभर अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) वेगळा मागावा लागतो, तो पॅकेजमध्ये नाही.

सोयीबद्दल. व्हीलचेअर आत जाते, पण तपासणीचं टेबल उंच आहे. उचलायला दोघं लागतात. डाव्या कुशीवर झोपवताना पाठीचा कणा वाकडा असलेल्या मुलाला खालून उशी दिली नाही तर ते घसरतं आणि चित्र अर्धवट येतं. उशी घरूनच न्या. फोनवर 'उपाशी या' सांगतात, ते चूक. साध्या इकोला उपास लागत नाही, आणि या आजारात मधुमेहही होतो. उदगीर किंवा किनवटहून रात्रभर बसमध्ये बसून आलेल्या मुलाला उपाशी ठेवू नका. साखरेची तपासणी करायची असेल तर ती सकाळी आधी उरकून घ्या, मग खाऊ घाला आणि नंतर इको.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अजून आहे, त्यात हा दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला २५ टक्के धोका असतो. त्यांची जनुक तपासणी करताना जी-ए-ए रिपीटची वेगळी चाचणी मागा. नेहमीच्या एक्झोम तपासणीत (जनुकांचे फक्त प्रथिनं बनवणारे भाग वाचणाऱ्या) हा दोष सहसा सुटतो.

ईसीजी आणि इको निदान झाल्यावर लगेच आणि मग दरवर्षी करायचे. पाठीच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर भूल देण्याआधी ताजे हवेत. केंद्र फक्त कागद देतं, हलती चित्रं देत नाही. पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि तिथून निघण्याआधी सगळ्या क्लिप कॉपी झाल्याची खात्री करा. काही दिवसांनी मागायला गेलं तर मशिनमधून पुसलेल्या असतात.