'द मेकिंग ऑफ स्टार वॉर्स' : पैसे वसूल पुस्तक

स्टार वॉर्सवरची पुस्तकं ढिगाने मिळतात पण पहिल्या सिनेमाबद्दल एकच घ्यायचं असेल तर जे. डब्ल्यू. रिंझलरचं हे घ्या, डोळे झाकून. रिंझलर लुकासफिल्मच्या, म्हणजे स्टार वॉर्स बनवणाऱ्या कंपनीच्या, पुस्तक विभागात एडिटर होता, २००१ ला लागला आणि पुढे एक्झिक्युटिव्ह एडिटर झाला, म्हणजे तसं बघितलं तर कंपनीचाच माणूस, त्यामुळे आधी वाटतं की नुसती आरती ओवाळली असणार. तसं नाहीये.

झालं काय, की चार्ल्स लिपिनकॉट नावाचा पब्लिसिटीवाला होता, त्याने १९७५ ते १९७८ मध्ये सेटवरच्या आणि ऑफिसातल्या लोकांच्या भरपूर मुलाखती घेतल्या होत्या. त्याचं पुस्तक निघायचं होतं, ते राहूनच गेलं. रिंझलरला त्या मुलाखती कंपनीच्या अर्काइव्हमध्ये सापडल्या आणि सिनेमाला ३० वर्षं झाली तेव्हा २००७ मध्ये त्यांच्यावरून हे पुस्तक आलं. आणि इथेच एडिटर म्हणून तो मला प्रचंड आवडतो, कारण बऱ्याच मुलाखतींच्या वेळी सिनेमा चालेल की पडेल हे कोणालाच माहीत नव्हतं आणि ती धाकधूक त्याने तशीच ठेवलीय, नंतरचं शहाणपण मध्ये घुसवलं नाही. ट्युनिशियातलं शूटिंग वाचा, मार्च १९७६, वाळवंटात पाऊस, रिमोटवरचा आर-टू रोबो भलतीकडेच पळतोय, आणि इकडे लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या गोडाऊनमध्ये इफेक्ट्सवाल्या पोरांना कॅमेरेसुद्धा स्वतः बनवायला लागतायत. वाचताना आपल्यालाच टेन्शन येतं!

लिपिनकॉटचं स्वतःचं कामही यातून कळतं. सिनेमाच्या गोष्टीवरची कादंबरी नोव्हेंबर १९७६ मध्येच बाजारात, सिनेमा मे १९७७ चा, मार्व्हलचं कॉमिकसुद्धा सिनेमा लागायच्या आधी. सिनेमाआधी पुस्तक विकून प्रेक्षक तयार करायचे हे तेव्हा कोणाच्या डोक्यात होतं?

तक्रार आहे, नाही असं नाही. साडेतीनशेहून जास्त पानं, नावांचा नुसता भडिमार, बजेटची भांडणं मध्ये लांबलीत आणि ती मी भराभर उलटली. शिवाय दिग्दर्शक जॉर्ज लुकासला कुठे अडचणीत पकडलंय असं फारसं दिसत नाही, कंपनीचंच पुस्तक आहे म्हटल्यावर ते आलंच.

पुढच्या दोन भागांवरची पुस्तकंही त्याचीच, २०१० आणि २०१३ ची, दोन्ही आपापल्या सिनेमाच्या तिसाव्या वर्षी. रिंझलर जुलै २०२१ मध्ये गेला, फक्त ५८ वर्षांचा होता, फार वाईट वाटलं. एवढ्या चिकाटीने जुने कागद उपसणारा एडिटर कुठल्याही फ्रँचायझीला मिळो.

घेताना हार्डकव्हरच बघा, सिनेमाची कल्पनाचित्रं काढणाऱ्या राल्फ मॅक्वारीची चित्रं मोठ्या पानावरच बघण्यासारखी आहेत. नाहीतर २०१३ चं ई-बुक घ्या, त्यात त्या मुलाखतींचे मूळ आवाज ऐकायला मिळतात.