जॉर्ज हॅरिसनची टेप आणि माझे एक लाख ऐंशी हजार

आकडा आधीच सांगून टाकतो. तीस हजार यूपीआयने, दीड लाख रोख. परत काही आलेलं नाही.

बीटल्स या इंग्लिश बँडचं वेड मला कॉलेजपासून आहे, पण माझा खास कोपरा म्हणजे जानेवारी १९६८. त्या महिन्यात त्यांचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन मुंबईत होता. फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या सिनेमाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. आशीष खान सरोदवर, शिवकुमार शर्मा संतूरवर. अल्बमच्या श्रेयनामावलीत बासरीपुढे एस. आर. केंकरे हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घरभर सांगत सुटलो होतो. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत तयार झालं. आवाज फेब्रुवारीत लंडनला चढवला आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’ या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला निघालं. मुंबईत तेव्हा स्टीरिओ मशीन नव्हतं, ते कलकत्त्याहून आणवलं. स्टुडिओ ऑफिसांच्या वरच्या मजल्यावर, आवाज अडवायची काही सोय नाही. खाली टॅक्सी गेली तर टेपवर येणार, आणि साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागायचं.

ही माहिती मी भेटेल त्याला ऐकवतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बातमी आली की वँकूव्हरच्या एका रेकॉर्डवाल्याकडे बरीच वर्षं पडून असलेली टेप म्हणजे बीटल्सने १ जानेवारी १९६२ ला डेक्का कंपनीत दिलेल्या चाचणीची सुंदर प्रत निघाली. अशा गोष्टी खरंच सापडतात. २००३ साली हॉलंडमध्ये पोलिसांनी त्यांच्या १९६९ च्या सत्रांची सुमारे पाचशे चोरीची रिळं पकडली होती. २०१६ साली माळ्यावर सापडलेली त्यांची एक जुनी चाचणी-तबकडी लिलावात साडेसत्त्याहत्तर हजार पौंडांना गेली. त्यामुळे बातमीनंतर तीनेक आठवड्यांनी फोन आला तेव्हा मी हसलो नाही.

“काका, जुन्या रेकॉर्डवाल्यांकडून नंबर मिळाला. वडील फोर्टात स्टुडिओत होते. ते गेल्यावर कपाटात एक रीळ सापडलं. वर हॅरिसन लिहिलंय. कुणी इंग्लिश गाणारा आहे का हा?”

या शेवटच्या प्रश्नाने मी गेलो. ज्याला हॅरिसन कोण ते माहीत नाही तो मला काय फसवणार? आणि पुढच्या अर्ध्या तासात मीच त्याला सगळं सांगितलं. जानेवारी ६८, कलकत्त्याचं मशीन, टॅक्सी, जिना. तो फक्त “हो का?” म्हणत होता. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, तेव्हा वडील घरी काय काय सांगायचे ते त्याला आठवलं होतं: साहेबांनी मशीन कलकत्त्याहून मागवलं होतं आणि संध्याकाळी जिन्याच्या आवाजाने काम बंद पडायचं! माझे शहारे मला अजून आठवतात. माझंच उष्टं मला परत वाढलं जात होतं आणि मी चव घेऊन खात होतो.

मग पंचवीस-तीस सेकंदांचे तीन तुकडे आले. खरखर भरपूर, पण चाल ओळखीची. कुठेही न निघालेला टेक, म्हणजे त्याच गाण्याचं वेगळं ध्वनिमुद्रण, असं मी स्वतःच ठरवलं. दुसऱ्या तुकड्यात मागे, लांबवर, रस्त्यावरच्या गाडीचा आवाज. मी हेडफोन लावून तो वीस वेळा तरी ऐकला असेल. टॅक्सी!

त्याने चार लाख मागितले. मी एक ऐंशीवर आणले आणि घासाघीस छान जमली म्हणून स्वतःवर खूश झालो. अटी दोन. कुणाला सांगायचं नाही, नाहीतर कंपनीवाले येऊन जप्त करतील. आणि रीळ वाजवायचं नाही, कारण टेप चिकट झालीय, मंद आचेवर भाजून घेतल्याशिवाय लावली तर लेप निघून येईल. टेप भाजणं ही थाप नाही, जगभर जाणकार हा उपाय करतात. म्हणून तर ती अट मला त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा वाटली. तीस हजार टोकन पाठवलं. बाकीचे पैसे ठाणे स्टेशनबाहेर, एका उपाहारगृहात, चहा पीत पीत दिले. चहाचे पैसे त्याने दिले.

डबा पाहून पोटात गोळा आला, आनंदाने. पिवळा पडलेला पुठ्ठा, निळ्या शाईने लिहिलेलं ‘हॅरिसन, जाने. ६८’, खाली स्टुडिओच्या पत्त्याचा रबरी शिक्का. कपाटात कपड्यांखाली ठेवला.

आठवडाभराने आईला सापडला. आई पोस्टात होती, सॉर्टिंगमध्ये तीस वर्षं. तिने चष्मा नाकावर सरकवला, डबा खिडकीपाशी नेला.

“हे कधीचं म्हणालास?”

“अडुसष्टचं.”

“मग याच्यावर चारशे शून्य शून्य एक कसं?”

मला कळेना.

“अरे, पिनकोड बहात्तरच्या पंधरा ऑगस्टला आला. त्याआधी लोक नुसतं बॉम्बे-एक लिहायचे. आम्हाला पाठ करायला लावले होते सगळे.” आणि ती डबा ठेवून कुकर बघायला गेली.

त्या संध्याकाळी रीळ घेऊन दादरला मित्राकडे गेलो. त्याच्याकडे चालू स्पूलचं मशीन आहे आणि हे त्याला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर ही हकीकतच झाली नसती. पण गुप्ततेची अट मी पाळली होती ना. त्याने टेप उजेडात धरली. मागची बाजू काळी. “असा मागून लेप दिलेली टेप सत्तरच्या दशकात रुळली. आणि चिकट होण्याचा रोग मुख्यतः त्याच टेपांना. भाजायला लागते म्हणाला तिथेच तुला कळायला हवं होतं.” एवढं बोलून त्याने ती सरळ मशीनवर चढवली. दहा-बारा सेकंद काही नाही. मग हार्मोनियम. ‘द इनर लाइट’मध्येही हार्मोनियम आहे, त्यामुळे खोटं सांगत नाही, माझी आशा पुन्हा उठून बसली. मग टाळ आले, आणि चार-पाच बायका एकदम गायला लागल्या. कुठल्यातरी भजनी मंडळाची तालीम होती. मधेच एक बाई म्हणाली, “अगं, पट्टी उतर जरा.”

मित्र सभ्य आहे, तोंड फिरवून हसला.

मग त्याने फोनवरचे तुकडे लॅपटॉपवर घेतले. वेग किंचित वाढवला आणि शेजारी बीटल्सच्या व्हाइट अल्बमच्या २०१८ साली निघालेल्या मोठ्या संचातला ‘द इनर लाइट’चा सहावा टेक लावला. दोन तुकडे त्याच्याशी ठोक्याला ठोका जुळले. तिसरा निघाला २०१४ साली ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीत आलेल्या पर्यायी टेकमधला. दोन्ही संच माझ्या घरी आहेत. वेग थोडा उतरवून वर खरखर ओतली, एवढंच कसब.

“आणि ही तुझी टॅक्सी,” तो म्हणाला आणि आवाज मोठा केला. फट्-फट्-फट्-फट्. रिक्षा होती. रिक्षा आजही वांद्रे-शीवच्या खाली येत नाही, आणि मी तिला १९६८ साली फोर्टात फिरवून आणली होती.

नंबर बंद होता. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तो दहा दिवसांनी, लाजेपायी. तिथल्या मुलीने विचारलं, पैसे कधी गेले? उत्तर ऐकून ती क्षणभर गप्प झाली. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. माझे तीस हजार तोवर खात्यातून काढून झाले होते, आणि रोख दिलेल्या दीड लाखाची माझ्याकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच तासाला फोन करा, लाजायचं ते नंतर लाजा. आणि वस्तू विकणारा ‘कुणाला दाखवू नका’ म्हणाला तर सगळ्यात आधी दाखवा.

पोलीस ठाण्यात हवालदार अर्ज लिहून घेत होते. मी त्यांना जानेवारी १९६८ पासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, पेन थांबवलं आणि विचारलं, “वस्तू काय आहे, तेवढं सांगा.” मी सांगितलं. त्यांनी लिहिलं: ‘जुनी टेप, भजनाची, एक नग.’