लिव्हरचा एमआरआय: बडोद्यातल्या रावपुऱ्याजवळच्या सेंटरचा आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आईच्या (वय ६६) सोनोग्राफीत लिव्हरवर एक ठिपका दिसला म्हणून गेल्या आठवड्यात इथे एमआरआय केला. दोन महिन्यांपूर्वी माझाही इथेच, याच मशीनवर झाला होता, मला लिव्हरमध्ये छोटा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) आहे.

सहा तास उपाशी यायला सांगतात ते पाळाच, जेवल्यावर लिव्हरकडे जाणारं रक्त वाढतं आणि आकडे हलतात. आईला जरा कमी ऐकू येतं, त्यात मशीनचा तो ठकठकाट, स्पीकरवरचं गुजरातीतलं 'श्वास रोकी राखो' (श्वास रोखून धरा) तिला कळेचना, तर तिथल्या ताईंनी तिला बाहेर घेऊन मराठीत दोनदा समजावलं, 'मावशी, घाई नाही, आपण परत करू.' मला फार बरं वाटलं.

खरी धाकधूक रिपोर्ट आल्यावर. आईचा एडीसी १.०४, माझा १.२६. एडीसी म्हणजे लिव्हरमध्ये पाण्याचे कण किती मोकळे हलतात त्याचं माप. बाबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, फोनवर शोधलं, फायब्रोसिसमध्ये (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होत जातं त्यात) एडीसी कमी येतो असं दिसलं आणि झालं, रात्रभर कोणाला झोप नाही.

सकाळी परत गेलो. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी वीस मिनिटं दिली हो! ठिपका म्हणजे साधी सिस्ट (पाण्याची पिशवी) निघाली. आणि आकड्याचं म्हणाल्या, तुमची पाळी चालू आहे, दर महिन्याला लोह बाहेर जातं, आईची बंद होऊन पंधरा वर्षं झाली, त्यानंतर बायकांच्या लिव्हरमध्ये लोह साठत जातं, आणि लोह असलं की सिग्नल लवकर विझतो, एडीसी कमी दिसू शकतो. तुमच्या वयाच्या पुरुषातही साधारणपणे तुमच्यापेक्षा लोह जास्तच असतं. शिवाय वयाबरोबर लिव्हरचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि एडीसीत बारीक वाहिन्यांतल्या रक्ताची हालचालही थोडी मिसळलेली असते. म्हणजे मायलेकींचे आकडे समोरासमोर ठेवायचेच नाहीत, आईचा आकडा तिच्या वयाच्या बायकांशी ताडायचा, आणि तो एकटा बघून फायब्रोसिस ठरवायचाच नाही. स्क्रीनवर दाखवलंही, दोघींचं माप उजव्या भागातच गोल काढून घेतलंय, कारण डावा भाग हृदयाखाली असतो, धडधडीने तिथला आकडा खोटाच वाढतो. आईने चष्मा लावून तो गोल नीट बघितला आणि तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला.

एक स्टार कापलाय तो दीड तास बसवलं म्हणून नाही, रिपोर्टात नुसता आकडा छापतात म्हणून. वय, बाई की पुरुष, पाळी चालू की बंद, एवढी एक ओळ खाली असती तर आमची ती रात्र वाचली असती. काउंटरवर लेखी देऊन आलेय, तुम्ही गेलात तर तुम्हीही सांगा, आणि जुना स्कॅन असेल तर त्याची सीडी न विसरता न्या.