अल्गाँक्विनचा मूस : मे-जून की सप्टेंबरअखेर?

कॅनडातल्या टोरांटोहून तीनेक तासांवरच्या अल्गाँक्विन पार्कात मूस, म्हणजे हरणाच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, बघायला कधी जावं, असं मला नेहमी विचारतात. मूस दिसायलाच हवा असेल, तर मे-जून. हिवाळ्यात पार्कातून जाणाऱ्या हायवे ६० वर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ कडेच्या चरांत उतरतं आणि मिठाला आसुसलेले मूस ते खारट पाणी प्यायला पहाटे रस्त्यालगत येतात. जून सरता सरता ते तळ्यांकडे वळतात. मान पाण्याखाली घालून पाणवनस्पती उपटतात, डोकं वर काढतात तेव्हा नाकाडावरून पाण्याच्या धारा गळत असतात. तो क्षण टिपायला पाणथळीकाठी तासभर बसायची तयारी हवी. तांबूस पिल्लंही याच दिवसांत दिसतात. मात्र मे महिन्यात हिवाळी केस गळून अंग ठिगळं लावल्यासारखं दिसतं, नराची शिंगं अजून मखमली कातडीखाली वाढत असतात, आणि काळ्या माश्या अक्षरशः फोडून काढतात.

सप्टेंबरअखेर माश्या नाहीत, मेपल लाल झालेले, नराची शिंगं पूर्ण, घासून स्वच्छ. फोटो देखणा येतो; पण मूस रानात आत असतो, रस्त्यावर गर्दी. शिवाय हा माजाचा काळ. नराने कान मागे पाडून मानेवरचे केस उभे केले, की कॅमेरा सोडून मागे सरायचं. दुरूनच फोटो घेता यावा म्हणून ४०० मिमीची लेन्स घ्यावी.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जूनच सांगते. डोक्यावर जाळी घेऊन जा, आणि गाडी हळू चालवा.